डेबियन १२ वर एक्सएफसीई: नुसत्या टर्मिनलपासून डेस्कटॉपपर्यंत (माझा अनुभव)

एक्सएफसीई म्हणजे लिनक्सचा एक हलका डेस्कटॉप. मशीन ४ जीबी रॅमचं, जुनं. डेबियन १२ (बुकवर्म) ही लिनक्स प्रणाली नेटइन्स्ट इमेजवरून (बाकीचं नेटवरून उतरवणारी छोटी इन्स्टॉल फाइल) टाकली. सॉफ्टवेअर निवडायच्या पडद्यावर डेस्कटॉप आणि ग्नोम (दुसरा एक डेस्कटॉप) यांच्या खुणा काढल्या, फक्त स्टँडर्ड युटिलिटीज ठेवल्या. रीस्टार्ट झाल्यावर समोर काळा पडदा आणि लॉगिन, बस्स.

इन्स्टॉल करताना रूटचा (मुख्य प्रशासक खात्याचा) पासवर्ड दिला होता, म्हणून सुडो (साध्या युजरला रूटच्या अधिकाराने कमांड चालवू देणारं साधन) बसलंच नव्हतं. तो रिकामा सोडला असता, तर इन्स्टॉलरने सुडो टाकून पहिल्या युजरला त्याचे अधिकार दिले असते. आता रूट व्हायचं तर 'सु' लिहून पुढे जागा सोडून डॅश द्यायचा. डॅश राहिला की प्रशासकाच्या कमांड असलेले एसबिन फोल्डर पाथमध्ये (कमांड शोधायच्या जागांच्या यादीत) येत नाहीत. मग एपीटी (पॅकेजेस बसवणारं साधन) सगळं डाउनलोड करतं आणि ऐन वेळी 'एलडीकॉन्फिग सापडत नाही' म्हणून अडतं.

पॅकेजेस चारच: एक्सऑर्ग (पडद्यावर ग्राफिक्स दाखवणारं), एक्सएफसीई४, त्याचं टर्मिनल आणि लाइटडीएम (लॉगिनचा पडदा). जागा वाचवायला मी आधी शिफारशीची पॅकेजेस वगळणारा पर्याय लावला. डेस्कटॉप उघडला, पण थुनारमध्ये (एक्सएफसीईच्या फाइल मॅनेजरमध्ये) कचरापेटी नाही, पेनड्राइव्ह लावला तरी दिसेना. ही कामं जीव्हीएफएस आणि यूडिस्क्स२ करतात, आणि दोन्ही थुनारच्या शिफारशीच्या यादीत असतात. एवढ्या बचतीसाठी हा पर्याय लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आवाजासाठी पाइपवायर-ऑडिओ आणि पाव्हूकंट्रोल टाकलं, तिथे काही अडलं नाही.

खरा वेळ गेला नेटवर्कमध्ये. नेटवर्कमॅनेजर आणि त्याचं अॅप्लेट बसवलं, तर मेन्यूत केबलच्या जोडणीसमोर 'डिव्हाइस नॉट मॅनेज्ड'. नेट मात्र व्यवस्थित चालू! कारण इन्स्टॉलरने 'ईटीसी'मधल्या नेटवर्क फोल्डरच्या इंटरफेसेस फाइलमध्ये त्या कार्डाची नोंद केलेली असते, आणि तिथे नोंद असलेल्या कार्डाला नेटवर्कमॅनेजर हात लावत नाही. त्या कार्डाच्या ओळी बंद करायला त्यांच्या सुरुवातीला हॅश (#) टाकला, 'लो'च्या (मशीनच्या स्वतःशीच असलेल्या जोडणीच्या) ओळी तशाच ठेवल्या, रीस्टार्ट केलं. हे करताना मशीनसमोर बसा. एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करून) केलंत तर जोडणी तुटून बाहेर पडाल.

लॉगिनचा पडदाच आला नाही तर कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबून टर्मिनलवर जा आणि एक्सऑर्गच्या लॉगमध्ये कंसात 'ईई' असलेल्या ओळी शोधा. एएमडीचं ग्राफिक्स असेल तर फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स पॅकेज राहिलंय का, ते आधी बघा. पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा लॉगिनवरच येत असाल, तर होम फोल्डरमधल्या एक्सऑथॉरिटी फाइलची मालकी तपासा. कधीतरी सुडो लावून स्टार्टएक्स (टर्मिनलवरून डेस्कटॉप सुरू करायची कमांड) चालवलं असेल, तर ती रूटच्या नावावर गेलेली असते. डिस्क भरली असली तरी हेच होतं.

शेवटी मराठी. फाँट नसले की अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, म्हणून फाँट्स-नोटो-कोअर टाकलं. टायपिंगसाठी आयबस (वेगवेगळ्या भाषांत टाइप करू देणारा प्रोग्राम) आणि आयबस-एम१७एन. इम-कॉन्फिगने आयबस निवडून लॉगआउट केलं आणि आयबसच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट२ हा कीबोर्ड जोडला. एक बारीक गोष्ट: फाँटमध्ये मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' असले, तरी मजकूर मराठी आहे हे प्रोग्रामला कळेपर्यंत ते हिंदी वळणाचेच उमटतात. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी केली, तेव्हा 'शाळा' हवी तशी दिसली.