खाडीकाठची हवा आणि साखरेचा फ्लेमिंगो

ऐरोलीत राहून केकवरचं साखरेचं डेकोरेशन करायचं तर आधी हवा समजून घ्यायला लागते, रेसिपी नंतर. व्हिडिओत कोणीतरी थंड कोरड्या देशात बसून पाकळ्या करत असतं आणि त्या बघता बघता कडक होतात, आपल्याकडे खाडी इतकी जवळ, जुलैत आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर, तीच पाकळी दुसऱ्या दिवशी मान टाकते. क्लासमध्ये गुलाब शिकवतात, ऑर्किड शिकवतात, हवेबद्दल कोणी फार बोलत नाही, म्हणून आज त्यावरच लिहितेय.

सध्या हातात फ्लेमिंगोचा केक आहे. नेरूळच्या एका आजोबांची पंच्याहत्तरी आहे, ते रोज सकाळी पाणथळीवर पक्षी बघायला जातात, नातवंडांनी सांगितलं की आजोबांना केक नको, फ्लेमिंगोच हवा. मला ही ऑर्डर फार आवडली कारण हा आपला पाहुणा आहे, ठाणे खाडीचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आला, आणि तरी केकवर जे फ्लेमिंगो दिसतात ते सगळे प्लास्टिकच्या टॉपरमधले एकसारखे बबलगम गुलाबी. आपल्याकडे मोठ्या थव्यांनी येतो तो लेसर, म्हणजे छोटा फ्लेमिंगो, त्याची चोच गडद लालसर-काळी असते. आजोबा रोज दुर्बीण घेऊन बसणारे, त्यांना चोच चुकलेली लगेच कळणार.

पाय इतके बारीक की त्यावर केकचं वजन पेलणं शक्यच नाही, म्हणून एका पायाच्या आत स्टीलचा रॉड, तो खाली जाड बोर्डला नटबोल्टने पक्का आणि वर एक छोटी प्लेट, त्या प्लेटवर केक. वर व्हिप्ड क्रीम चालत नाही, त्यावर फॉन्डंट (केकवर चढवतात तो साखरेचा मळलेला, लाटता येणारा गोळा) टिकत नाही, पाणी सुटून घसरतो. गनाश, म्हणजे चॉकलेट-क्रीमचा घट्ट लेप लावायचा, आपल्या उकाड्यात डार्क चॉकलेट असेल तर दोन भाग चॉकलेट एक भाग क्रीम, व्हाइट असेल तर तीनास एक. मान मॉडेलिंग चॉकलेटची (मळून आकार देता येतो ते चॉकलेट), आतून जाड ॲल्युमिनियमची तार, त्या तारेला फूड-सेफ टेप गुंडाळलेली. हा सांगाडा कंटाळवाणा वाटतो पण तो डुगडुगला तर वरची सगळी साखर वाया.

आता पिसं. रेडीमेड फॉन्डंट तसाच वापरला तर पिसं मऊच राहतात, म्हणून २५० ग्रॅम फॉन्डंटला साधारण एक टीस्पून टायलोज पावडर मळून घ्यायची आणि घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवायची. टायलोज म्हणजे सीएमसी, वनस्पतीच्या सेल्युलोजपासून बनते, त्यामुळे अंडं-जिलेटिन न खाणाऱ्यांनाही चालते, नवी मुंबई-ठाण्यात हा प्रश्न प्रत्येक ऑर्डरला येतोच. (फॉन्डंटच्या डब्यावर जिलेटिन आहे का ते मात्र वेगळं बघायचं.) मग पेस्ट इतकी पातळ लाटायची की खालची अक्षरं दिसली पाहिजेत, कटरने पीस कापायचं, गोल टोकाच्या बॉल टूलने कडा पातळ करायच्या, व्हेनरने म्हणजे शिरांच्या साच्याने शिरा उमटवायच्या आणि फोमच्या गोलाव्यावर वाळत टाकायचं. लावताना कौलं शाकारतात तसं खालून वर, शेपटीपासून पाठीकडे यायचं. रंग मात्र वाळल्यावर ब्रशने कोरडा, पाठीवर जवळजवळ पांढरा आणि पंखांच्या आत एकदम गडद, तो खरा गुलाबी फ्लेमिंगोंना खाण्यातल्या शेवाळातून मिळतो आणि तो कधीच सगळीकडे सारखा नसतो.

ही वाळवलेली पिसं प्लास्टिकच्या हवाबंद डब्यात लगेच कोंबायची नाहीत, आत उरलेला ओलावा कोंडून ती परत मऊ पडतात. साधं पुठ्ठ्याचं खोकं घ्यायचं, आणि पावसाळ्यात एसीची खोली.

पाण्याची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. पक्षी उथळ पाण्यात उभा दाखवायचा तर काचेसारखं पाणी हवं, ते साध्या साखरेचं करता येतं, १५० अंश सेल्सिअसच्या आसपास पाक गेला की थंड होऊन कडक काच तयार होते. पण ती काच म्हणजे साखर आहे पण स्फटिक नाही, रेणू कसेही गोठलेले असतात, म्हणून ती हवेतलं पाणी अधाशासारखी ओढते, आधी चिकट होते, मग ओघळते किंवा पांढरी दाणेदार होते. म्हणून साखरेच्या जागी आयसोमाल्ट, ते बीटच्या साखरेपासून बनतं, ओलावा खूप कमी घेतं आणि तापवताना पिवळंही लवकर पडत नाही. जाड बुडाच्या भांड्यात थोड्या डिस्टिल्ड पाण्याबरोबर १७० अंशांपर्यंत न्यायचं, मग भांड्याचं बूड क्षणभर गार पाण्यात टेकवायचं म्हणजे तापमान पुढे चढत नाही, बुडबुडे बसले की सिलिकॉनवर ओतायचं. शेजारी गार पाण्याचं पातेलं ठेवायचं आणि हातात आत सुती, वर नायट्राइल असे ग्लोव्हज, कारण हा पाक कातडीला चिकटून राहतो आणि भाजतच राहतो. घरात लहान मूल असेल तर ते झोपल्यावरच हे काम करा, प्लीज.

तयार पाणी थेट गनाशवर ठेवलं तर खालून ओल लागून ते विरघळायला लागतं, म्हणून मागच्या बाजूला वितळलेल्या कोको बटरचा हात फिरवायचा. ठेवणीत मात्र याला हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, म्हणजे पिसांच्या बरोबर उलटं. आणि खाणाऱ्यांना सांगायचं की आयसोमाल्ट जास्त खाल्लं तर पोट बिघडतं, पाहुण्यांच्या मुलांनी तुकडे चघळत बसायचं नाही.

हे सगळं परदेशातून आलंय असं लोक म्हणतात तेव्हा मला हलव्याचे दागिने आठवतात. खसखशीवर मंद आचेवर थेंब थेंब पाक घालत हाताने फिरवत काटा आणायचा, आणि जुन्या बायका सांगायच्या की थंडी पडली की काटा छान येतो. संक्रांत येते तीच कोरड्या गार हवेत, त्यामुळे तो काटा फुलतो. गुढीपाडव्याच्या गाठी म्हणजे लाकडी साच्यात दोरा ठेवून पाक ओतणं, हेच तर साखरेचं कास्टिंग. पुण्याच्या प्राची धबल देब रॉयल आयसिंगमध्ये (पिठीसाखरेचा कडक वाळणारा लेप) जे करतात, २०२२ मध्ये त्यांनी सुमारे १०० किलोची मिलान कॅथेड्रलची प्रतिकृती केली आणि तीही व्हेगन, म्हणजे प्राणिज काहीही न वापरता, ते बघताना मला तर वाटतं की साखरेचा हात आपल्या मातीत होताच.

एका गोष्टीवर मी फार चिडते, ती म्हणजे चमकी. डबीवर नुसतं नॉन-टॉक्सिक लिहिलेलं असतं आणि लोक केकवर मारतात. ती खायची वस्तू नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये ऱ्होड आयलंडमध्ये वाढदिवसाच्या केकवरच्या अशाच चमकीने ६ मुलं आजारी पडली, त्यात तांब्याची पूड होती, पुढच्या वर्षी मिसूरीत एका वर्षाच्या बाळाच्या रक्तात शिसं वाढलेलं सापडलं, तेही केकच्या फुलांवरच्या पावडरमुळे. डबीवर घटकांची यादी आणि एफएसएसएआयचा, म्हणजे भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नंबर नसेल तर क्रॉफर्ड मार्केटात कितीही स्वस्त मिळू दे, घ्यायची नाही. परदेशातून आलेल्या गुलाबी-लाल रंगात १२० नंबर दिसला तर तो कीटकापासून काढलेला कार्माइन, आणि चकाकीच्या ग्लेझमध्ये शेलॅक असेल तर तो लाखेच्या किड्याचा, जैन घरची ऑर्डर असेल तर दोन्ही बाद.

पक्षी आणि पाणी एकत्र नेत नाही. केक बोर्डसकट गाडीत खाली सपाट जागेवर, एसी लावून, पिसं मात्र घरीच लावलेली, पाण्याचे तुकडे वेगळ्या डब्यात आणि हॉलवर पोचल्यावर बसवते. तिथे केक फ्रीजमध्ये ठेवू नका असं घरच्यांना दोनदा सांगते, बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं आणि सगळा रंग ओघळतो. कापायच्या आधी मान आणि तारेचे सगळे तुकडे मीच काढून देते. हे फेब्रुवारीत जमतंय, जुलैत हीच ऑर्डर आली तर पिसं करीन पण आयसोमाल्टचं पाणी नाही, तेव्हा अगर-अगरच्या (समुद्री शेवाळापासूनच्या) निळसर जेलीचं पाणी, ते हवेशी भांडत नाही आणि मुलांना खाताही येतं.