तेराचा आकडा आणि हरिपूरची पेवं

आण्णांचा गुडघा बदलून दीड वर्ष झालं आणि सांध्यात पू झाला. मिरजेच्या दवाखान्यात गुडघा उघडून धुतला. कल्चरमध्ये एमआरएसए, म्हणजे बऱ्याच औषधांना दाद न देणारा जंतू निघाला, म्हणून टायकोप्लॅनिन हे अँटिबायोटिक सुरू झालं. या औषधाची रक्तातली लेव्हल बघावी लागते. नमुना कुरिअरनं पुण्याला जाणार.

पहिला नमुना वायाच गेला. लेव्हल पुढच्या डोसच्या अगदी आधी काढायची असते. ती काढली इंजेक्शननंतर अर्ध्या तासानं. आकडा भलताच मोठा आला. आण्णांची किडनी गेली असं समजून मी रात्रभर जागा. पैसे मात्र दोन्ही वेळचे आम्हीच भरले.

दुसरा रिपोर्ट १३. सांध्याच्या इन्फेक्शनला २० च्या वर हवी, हे मी तोवर मोबाईलवर वाचून ठेवलेलं. राउंडला डॉक्टर दिसले तसं म्हटलं, "डोस वाढवा की!"

त्यांनी दुसराच कागद पुढे केला. रक्तातलं प्रथिन, अल्ब्युमिन १.९. हवं साडेतीनच्या वर.

"सांगलीचे ना तुम्ही? हरिपूरची पेवं बघितलीत?"

बघितलीत म्हणजे काय, आजोबांची हळद तिथंच, जमिनीखालच्या त्या कोठारांत असायची, २००५ च्या पुराचं पाणी शिरेपर्यंत.

"टायकोप्लॅनिनचा नव्वद टक्के माल अल्ब्युमिनच्या पेवात असतो. जंतूंवर काम करतो तो फक्त बाहेरचा. लॅब दोन्ही मिळून मोजते. पेवंच कमी झाली की एकूण आकडा उतरतो, बाहेरचा माल तेवढाच असू शकतो." मग पेनानं मांडलं : २० चा दहावा हिस्सा मोकळा, म्हणजे २. १३ चा सहावा हिस्सा मोकळा धरला, तरी २ च्या वर.

मी खूश. तर म्हणाले, "पण मोकळं औषध किडनीतून लवकर निघूनही जातं. लेव्हल खरोखरच कमी असेल." नुसतं मोकळं औषध मोजायची सोय त्या लॅबमध्ये नव्हती. मग खरं काय धरायचं? माझा आवाज चढलाच. त्यांनी शांतपणे बाकीचं दाखवलं : तीन दिवस ताप नाही, इन्फेक्शनबरोबर चढणारा सीआरपी उतरतोय, किडनीचा आकडा क्रिएटिनिन मात्र ०.९ वरून वाढून १.४. अशात डोस दुप्पट करायचा नाही, तोच ठेवून तीन दिवसांनी परत बघायचं.

मामांचा धोशा वेगळाच. "अल्ब्युमिनची बाटली चढवा की!" बाटलीतलं फार टिकत नाही, अंगात सूज असताना लिव्हर अल्ब्युमिन बनवायचं कमी करतं, इन्फेक्शन हटल्याशिवाय ते वर येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मामांना पटलं नाही. रोज सहा उकडलेली अंडी डब्यात.

तिसरा रिपोर्ट १७, अल्ब्युमिन २.३, क्रिएटिनिन १.१. डॉक्टरांनी तिन्ही आकडे केसपेपरवर एकाच ओळीत लिहिले. मामांनी ती ओळ वाचली आणि अल्ब्युमिनवर बोट ठेवून म्हणाले, "बघ, अंडी!"