वादसभा, अध्यक्ष मेसचे काका

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं गॅदरिंग जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात असायचं. पहिल्या दिवशी खेळांची बक्षिसं, दुसऱ्या दिवशी एकांकिका आणि शेलापागोटे, तिसऱ्या दिवशी गाणीबजावणी. पण हॉस्टेलवर राहणाऱ्यांचं गॅदरिंग त्याच्या आदल्या रात्रीच सुरू व्हायचं. जेवणं उरकली, टेबलं पुसून झाली, की मेसमध्ये वादसभा भरायची. विषय दर वर्षी एकच, दोन ब्रिटिश रॉक बँडचा. लेड झेपलिन मोठे की डीप पर्पल?

मी १९८८ ते १९९२ पुण्यात होतो. ही प्रथा आमच्या चार-पाच वर्षं आधीची. ए ब्लॉक झेपलिनचा, सी ब्लॉक पर्पलचा. कुणी ठरवलं, कसं ठरलं, कुणाला माहीत नव्हतं. पहिल्या वर्षी खोली मिळाली की तुमचा पक्षही ठरायचा. मला सी ब्लॉक मिळाला आणि मी पर्पलच्या गिटारवाल्या रिची ब्लॅकमोरचा झालो. तोवर माझ्या घरी गाणं म्हणजे सकाळची आकाशवाणी आणि वडिलांच्या नाट्यसंगीताच्या तबकड्या. हॉस्टेलच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या खोलीतून ‘मेड इन जपान’ची कॅसेट ऐकू आली. पर्पलच्या ऑगस्ट १९७२मधल्या ओसाका आणि टोकियोच्या मैफलींचं हे ध्वनिमुद्रण. नव्वद मिनिटांच्या टीडीकेवर भरलेलं, कॉपीवरून कॉपी झाल्यामुळे मागे सतत पावसासारखी खरखर. त्या खरखरीतून ऑर्गन आणि गिटार एकमेकांना सवाल-जवाब करत होते. मी दारात उभा राहिलो तो बाजू संपेपर्यंत हललो नाही. आतला मुलगा काही बोलला नाही, फक्त कॅसेट उलटली आणि पलंगावर मला जागा करून दिली.

सभेचे अध्यक्ष मेसचे काका. मूळचे सासवडचे, तिथल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. रॉकशी त्यांचा संबंध एवढाच, की पोळ्या लाटल्या जात असताना चारी बाजूंच्या खोल्यांमधून ते त्यांच्या कानावर पडायचं. कुठल्या ब्लॉकचे नाहीत म्हणून त्यांना अध्यक्ष केलं होतं. पण काका मन लावून ऐकायचे. पेटीवर बोटं फिरलेली असल्यामुळे सूर कुठे लागला, कुठे नुसता आवाज वाढवला, हे त्यांना लगेच कळायचं. निकाल मेसच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहिला जायचा. रकाने तीन: झेपलिन, पर्पल, आणि बेक.

तिसऱ्या रकान्याबद्दल आधी सांगतो. आमच्यात एक नागपूरचा मुलगा होता. तो ना इकडचा, ना तिकडचा. एकटा गिटारवादक जेफ बेकचा. दर वर्षी उभा राहायचा आणि तेच सांगायचा. यार्डबर्ड्स या एका बँडमधून एरिक क्लॅप्टन, जेफ बेक आणि पुढे झेपलिनचा झालेला जिमी पेज हे तिघेही गिटारवादक गेले. १९६५मध्ये बँड पॉपकडे झुकतोय म्हणून क्लॅप्टन बाहेर पडला आणि त्याच्या जागी बेक आला. पुढे बेकने पेजला एक टेलिकास्टर गिटार भेट दिली. झेपलिनच्या १९७१च्या चौथ्या अल्बममधला ‘स्टेअरवे टू हेवन’चा सोलो पेजने त्याच टेलिकास्टरवर वाजवला. मग आमचा नागपूरकर ए ब्लॉककडे वळून म्हणायचा, “ज्या सोलोसाठी तुम्ही भांडता ना भाऊ, तो बेकच्या गिटारवर वाजलाय.” टाळ्या पडायच्या. मत एकही नाही. रकान्यात दर वर्षी शून्य.

सभेचे नियम दोनच. पहिला, अमेरिकन गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्सला वादात ओढायचं नाही. याला कारण होतं. लंडनच्या भिंतींवर ‘क्लॅप्टन देव आहे’ असं लिहिलं जायचं तो काळ. सप्टेंबर १९६६मध्ये हेन्ड्रिक्स लंडनला आला आणि आठवडाभरात, १ ऑक्टोबरला, क्लॅप्टनच्याच क्रीम बँडच्या कार्यक्रमात रंगमंचावर चढून एक गाणं वाजवून गेला. क्लॅप्टन वाजवणं थांबवून आत निघून गेला. ही गोष्ट सीनियर पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगायचे तेव्हा मेसमध्ये भांड्यांचाही आवाज नसायचा. ज्याच्यापुढे देवाने वाद्य खाली ठेवलं, त्याचा पक्ष कोण कशाला घेईल?

दुसरा नियम, पिंक फ्लॉइड या बँडचं नाव काढायचं नाही. फ्लॉइडवाल्यांचं भांडण बाहेरच्यांशी नसायचंच, आपापसात असायचं. रॉजर वॉटर्स १९८५मध्ये बाहेर पडला, बँडच्या नावावरून प्रकरण वकिलांपर्यंत गेलं, आणि इकडे बी ब्लॉकमध्ये एकाच खोलीतले दोन मित्र, एक वॉटर्सचा आणि एक बँडमध्ये राहिलेल्या गिल्मरचा, एक पूर्ण सेमिस्टर एकमेकांशी बोलले नाहीत. सबमिशनच्या फाइली तिसऱ्याच्या हातून पोचायच्या. पुढे २ जुलै २००५ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये ते चौघे २४ वर्षांनी एकत्र वाजवायला उभे राहिले, तेव्हा आपल्याकडे पहाट होती. वॉटर्सवाल्याने गिल्मरवाल्याला फोन लावला आणि दोघं काही न बोलता, टीव्ही चालू ठेवून, फोन धरून बसले. हे मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलंय.

माझ्या मनात सगळ्यात स्वच्छ उरलीय ती जानेवारी १९९०ची रात्र.

त्या वर्षी पर्पलच्या बाजूने कोल्हापूरचा एक सीनियर बोलणार होता. पैलवानी अंगाचा, आवाज तसाच. कुठल्याशा परदेशी मासिकाच्या पानाची झेरॉक्स त्याने मिळवली होती. झेपलिनच्या १९६९च्या दुसऱ्या अल्बममधल्या पहिल्याच गाण्यात विली डिक्सन या शिकागोच्या ब्लूज गायक-कवीचे शब्द आहेत, त्याने १९८५मध्ये दावा लावला आणि झेपलिनला तडजोड करावी लागली. कोल्हापूरकराने झेरॉक्स हवेत धरली. “चोरी केली की नाही सांगा. मग मोठेपणाचं बोलू.” सी ब्लॉक टेबलं बडवायला लागला. ताटं खणखणली. मीही बडवत होतो.

झेपलिनच्या बाजूने नाशिकचा मुलगा उठला. किडकिडीत, चश्मा नाकावरून घसरणारा. एक शब्द न बोलता त्याने पिशवीतून एक एलपी काढली. जुन्या बाजारात मिळालेली, कव्हरचा एक कोपरा उंदराने खाल्लेला. निळ्या आभाळाखाली वाऱ्यात उभी एक बाई. ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडचा १९६९चा अल्बम. रेकॉर्ड प्लेअर त्याने पुण्यातल्या मामांकडून सायकलवर आणला होता. त्याने शर्टाच्या बाहीने तबकडी गोल पुसली, सुई अलगद उचलली आणि वाकून दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला टेकवली.

व्हायोलिन सुरू झालं. चार-सहा सेकंदांत माझ्या पोटात गोळा आला. ती चाल आम्हाला झोपेतही ओळखू आली असती. पर्पलच्या १९७०च्या ‘चाइल्ड इन टाइम’ची सुरुवात, जॉन लॉर्ड ऑर्गनवर वाजवतो ती. इथे ती जलद होती, व्हायोलिनवर होती, पण तीच होती. नाशिककराने कव्हर फिरवून आमच्यासमोर धरलं आणि गाण्याच्या नावावर बोट ठेवलं. ‘बॉम्बे कॉलिंग’.

सी ब्लॉकमध्ये चिडीचूप. आमचं सगळ्यात लाडकं गाणं, आणि त्याचं मूळ आमच्याच मुंबईचं नाव लावून बसलेलं! कोल्हापूरकर खाली बसला. मला तर खरंच रडू येईलसं झालं होतं. विशीतलं ते प्रेम होतं, त्याला तडा गेलेला सोसत नाही.

काकांनी चाल पुन्हा लावायला सांगितली. डोळे मिटून ऐकली. मग म्हणाले, “पोरांनो, चाल उचलली म्हणजे चोरी होत नाही. आमच्या भजनात अर्ध्या चाली नाटकातल्या असतात. ज्याची घेतली त्याचं नाव घ्यावं, ते दोघांनीही घेतलं नाही, तिथं दोघंही चुकले. आता घेऊन पुढं काय केलं ते ऐकवा.”

मग कोल्हापूरकराने धावत जाऊन ‘मेड इन जपान’ आणली. ‘चाइल्ड इन टाइम’, बारा मिनिटं. तीच चाल संथ झालेली, इअन गिलन आधी कुजबुजल्यासारखा गातो, मग शब्द सोडून नुसत्या स्वरांनी एकेक पायरी वर जात जात थेट किंकाळीपर्यंत. आणि तिथून ब्लॅकमोर धावत सुटतो. झेपलिनच्या बाजूने नाशिककराने ‘मूळ दारावर जाऊन विचारण्याचा’ मुद्दा मांडला, तोही खरा होता. पेज आणि झेपलिनचा गायक प्लांट १९७२मध्ये मुंबईत आले होते आणि त्यांनी इथल्या वादकांना घेऊन आपलीच दोन गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली होती. ते ध्वनिमुद्रण तेव्हा आमच्यापैकी कुणी ऐकलेलं नव्हतं. २०१५मध्ये ते अधिकृतपणे बाहेर आलं तेव्हा नाशिककराने रात्री अकराला मला त्याची लिंक पाठवली. सोबत एकही शब्द नव्हता.

त्या रात्री काकांनी पर्पलच्या रकान्यात एक वाढवला. पण एलपी मागून घेतली. आठवडाभर ती मेसच्या ऑफिसात, हिशेबाच्या वह्यांवर ठेवलेली होती.

या सभांमुळेच आम्ही ऐकायला शिकलो, असं मी आज बेधडक म्हणतो. हरायचं नसेल तर समोरच्याची कॅसेट त्याच्यापेक्षा जास्त वेळा ऐकावी लागायची. सी ब्लॉकचा असून मला पेजचे सूर लावायचे वेगळे प्रकार, ‘काश्मीर’ या गाण्यासाठी त्याने गिटारच्या तारा कशा बदलून लावल्या, सगळं पाठ होतं. आमच्या मजल्यावर एकच गिटार होती, देशी बनावटीची गिव्हसन. तारा इतक्या उंच की तासाभरात बोटांना घट्टे पडायचे. साताऱ्याचा एक मित्र तिच्यावर चार आण्याच्या नाण्याने वाजवायचा, कारण क्वीन बँडचा ब्रायन मे सहा पेन्सच्या नाण्याने वाजवतो आणि त्याची गिटार त्याने वडिलांबरोबर जुन्या शेकोटीच्या लाकडातून घरीच बनवली आहे, हे त्याने वाचलं होतं.

जानेवारी १९९२च्या सभेत याच साताऱ्याच्या मित्राने पाच मिनिटं मागून घेतली. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरीला जाऊन दोन महिने झाले होते. तो पाचगणीला जाऊन आला होता, सेंट पीटर्सच्या फाटकापर्यंत. झांझिबारमध्ये जन्मलेला हा पारशी मुलगा त्या शाळेत शिकला, तिथल्या हेक्टिक्स नावाच्या मुलांच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा, शाळेच्या कार्यक्रमांत ते गायचे. “आपल्यासारखंच,” मित्र म्हणाला, “गॅदरिंगमध्ये.” एवढं बोलून तो बसला. त्या वर्षी वादसभा झाली नाही. रजिस्टरमध्ये काकांच्या अक्षरात ‘तहकूब’ लिहिलंय.

नोकऱ्या लागल्या, पांगापांग झाली, पण जानेवारीतली सभा सुटली नाही. काका निवृत्त होऊन सासवडला गेले आणि सभाही त्यांच्या मागोमाग त्यांच्या घराच्या ओसरीवर गेली. येताना त्यांनी ते रजिस्टर मागून आणलं होतं. कधी पंधरा जण जमायचे, कधी पाच. नागपूरकर जर्मनीला गेला, त्याचं येणं तुटलं. त्याचा रकाना आम्ही आखत राहिलो.

१० जानेवारी २०२३ला जेफ बेक गेला. वय ७८. महिनाअखेरीला नागपूरकर ओसरीवर हजर. केस पांढरे, हातात छोटा स्पीकर. या वेळी तो टेलिकास्टरचं काही बोलला नाही. म्हणाला, “काका, बेकने पुढे नखी टाकून दिली होती, नुसत्या बोटांनी वाजवायचा. हे २००१चं आहे.” आणि त्याने ‘नादिया’ लावलं.

मूळ गाणं नितीन साहनी यांचं, स्वाती नाटेकर यांनी गायलेलं. बेकने तो गळा गिटारवर घेतला. मींड, खटके, श्वास घेऊन पुन्हा स्वरावर येणं, सगळं. गिटारला जोडलेल्या, तारा सैल-ताठ करणाऱ्या दांड्याला किंचित दाबत आणि सोडत तो स्वराला असा वळवतो की तार कुठे संपली कळत नाही. काकांचा उजवा हात मांडीवर होता. बोटं पेटीच्या पट्ट्यांवर असल्यासारखी हलायला लागली आणि मग एका जागी थांबली.

“हे पेटीवर येत नाही,” काका म्हणाले. “जन्मभर वाजवली, पण दोन पट्ट्यांच्या मधला सूर पेटीत नसतो. पुन्हा लाव.”

तीनदा लावलं. मग त्यांनी रजिस्टर मागितलं, चश्मा लावला. झेपलिन १७, पर्पल १६. तिसऱ्या रकान्यातल्या शेवटच्या शून्याखाली त्यांनी हात कापत असतानाही सरळ, लांब असा एक काढला.

नागपूरकराने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. आम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवतोय तेवढ्यात कोपऱ्यातून कोल्हापूरकर उठला. आवाज अजून तसाच. “हरकत आहे काका. चाल साहनींची, गळा नाटेकरांचा. मग हा एक बेकचा कसा?”

नाशिककराने चश्मा वर केला. “१९९०चा निकाल काढा. घेऊन पुढं काय केलं ते ऐकवा, असं ठरलेलं आहे.”

“पण नाव घेतलंय ना या वेळी? अल्बमवर साहनींचं नाव छापलंय!”

“मग तर बेकला दोन द्या!”

काकूंनी चहाचं आधण तिसऱ्यांदा ठेवलं.