एबोनाइटचं लोणचं

रविवार, रात्री

जुन्या बाजारात नळाची तोटी आणायला गेले होते, पेन घेऊन आले. पुण्याच्या मंगळवार पेठेतला हा बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. पाने, तोट्या, बंद मिक्सर, कुणाच्या तरी रुखवतातली पितळी भांडी. एका ताडपत्रीवर घड्याळांच्या पट्ट्यांचा गुंता पडला होता आणि त्यात एक काळं, जाडसर पेन. क्लिप गंजलेली. उचललं तर इतकं हलकं की आत काही आहे की नाही कळेना. काहीच नव्हतं. मागची नळी नुसती पोकळ, ड्रॉपरने शाई भरायची. दोनशे म्हणाला, दीडशेला दिलं. तोटी राहिलीच.

घरी दिव्याखाली धरलं तेव्हा नळीवर नाव दिसलं. पूर्वी नवं पेन घेतलं की दुकानातच नाव कोरून मिळायचं, खाचांमध्ये पांढरा रंग भरलेला असायचा. यावर ‘वि. ना.’ एवढं स्वच्छ वाचता येतं. पुढे आडनाव असणार, पण तिथे नळी गुळगुळीत झाली आहे. लिहायला धरून पाहिलं, तर अंगठ्याच्या बेचक्यात बरोबर तीच जागा टेकते. लिहून लिहून माणसाने स्वतःचं आडनाव पुसलं होतं.

सोमवार

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आणि रात्री दीडपर्यंत फक्त पेनं. माझं पेन एबोनाइटचं आहे. रबरात भरपूर गंधक घालून तापवलं की ते लाकडासारखं टणक होतं, ते हे. ओळखायची खूण सोपी: अंगठ्याने जोरात चोळायचं आणि वास घ्यायचा. घेतला. जळक्या रबराचा, गंधकाचा वास आला. एवढा आनंद मला बोनसच्या दिवशीही झालेला नाही.

अशी पेनं आपल्याकडे लेथवर हाताने घडवत. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी तर गांधीजींच्या सांगण्यावरून स्वदेशी पेन केलं आणि १९३५ साली वर्ध्याहून गांधीजींचं पत्र त्यांना गेलं, ते पेन वापरून पाहिल्याचं सांगणारं. माझ्या पेनावर कंपनीचं नाव नाही. निब स्टीलची, तिच्यावर नुसतं ‘इरिडियम’ हे धातूचं नाव. अँटिक म्हणायला शंभर वर्षं लागतात म्हणे, तेवढं काही हे नसावं. नसू दे.

बुधवार

हाफ डे टाकून पुन्हा जुना बाजार. (घरी सांगितलं, तोटीसाठी.) आणि आज मी शहाणपणाने ‘पार्कर ५१’ घेतलं, बाराशे रुपयांना. पार्कर कंपनी १८८८ची, तिच्या ५१व्या वर्षी हे पेन तयार झालं म्हणून नाव ५१. बाजारात जोरात आलं ते १९४१ पासून. त्याची निब जवळजवळ सगळीच टोपडं घातल्यासारखी झाकलेली असते, म्हणजे शाई टोकावर वाळत नाही. हे सगळं मला पाठ होतं. विकणाऱ्यालाही पाठ होतं. क्लिपवर बाण होता, मी खूश.

घरी मागची नळी फिरवून काढली, तर आतल्या पत्र्यावर चिनी अक्षरं. हिरो! ‘हिरो ६१६’ला पार्करची क्लिप बसवलेली. दहावीचे सगळे पेपर मी ज्या पेनाने लिहिले तेच पेन तीस वर्षांनी बाराशेला विकत घेतलं. नवरा म्हणाला, “अगं, तोटीत एवढी फसवणूक नसते.” मी काही बोलले नाही, कारण तोटी आजही राहिली होती.

लिहितं मात्र झकास.

शुक्रवार

हे लिहायचं नव्हतं, पण वही स्वतःचीच आहे.

काळ्या पेनाची निब वाळलेल्या शाईने चोंदली होती. सुकलेली शाई पाण्यात सुटते एवढं मी वाचलं आणि पुढचं वाचलं नाही. काल रात्री अख्खं पेन कोमट पाण्याच्या पेल्यात उभं केलं. सकाळी पाणी सुंदर निळं झालं होतं आणि पेन खाकी. काळं नाही, करडंही नाही. चहा सांडलेल्या फडक्यासारखं खाकी. नावातला पांढरा रंगही पेल्याच्या तळाशी. ‘वि. ना.’ आता दिवा तिरपा धरला तरच दिसतं.

इतकी वर्षं ते कुणाच्या तरी खिशात, ड्रॉवरमध्ये, शेवटी पट्ट्यांच्या गुंत्यात टिकलं. माझ्याकडे चार दिवस.

शनिवार

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात पेन दुरुस्त करणारे एक काका बसतात. डोळ्याला घड्याळजीचं भिंग. मी पेन पुढे केलं, त्यांनी नाकाला लावलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“ताई, लोणचं घातलंत याचं.”

एबोनाइटला ऊन आणि पाणी दोन्ही वर्ज्य. वरच्या थरातला गंधक बिघडतो आणि काळा रंग विटतो. पाण्यात निब आणि निबेखालची जीभ तेवढी ठेवायची, तीही साध्या, गार पाण्यात. “पॉलिश मारून काळं करता येईल का?” विचारलं. “येईल की. वरचा थर घासायचा. पण मग हे नाव जाईल.” त्यांना ते दिवा तिरपा न धरताच दिसलं होतं. नको म्हटलं.

त्यांनी निबेच्या चिरेतून पत्र्याची पातळ पट्टी एकदाच फिरवली. शाळेत आम्ही हेच काम दाढीच्या ब्लेडने करायचो आणि दर आठवड्याला एक निब मारायचो. आट्यांना बोटभर ग्रीस लावलं. वीस रुपये. निघताना सांगितलं, “शाई पाव भागावर आली की भरून घ्या. आत हवा जास्त झाली ना, की हाताच्या उबेने ती फुगते आणि शाई ढकलून देते. भळकन ठिपका पडतो.”

येताना कॅमलची बाटली घेतली. मुंबईत दांडेकरांनी १९३१ साली शाईच्या पुडीपासून हा उद्योग सुरू केला. माझ्या वडिलांच्या कपाटात त्या पुडीचा एक डबा होता, खिळे ठेवायला.

रविवार

तोटी बसली. प्लंबरने स्वतःच आणली.

आजचं पान मी खाकी पेनाने लिहिते आहे. रेघ जाड येते, वळणावर शाई जरा साचते, आणि माझं अक्षर इतकं मोठं झालं आहे की वही लवकर संपणार. अंगठ्याचं बेचकं त्याच गुळगुळीत जागेवर टेकतं. आडनावाचा अंदाज बांधायचा मोह होतो. आणखी लिहिलं असतं, पण नळी उजेडात धरली तरी आतलं काही दिसत नाही आणि पेन हातात चांगलं गरम झालंय, त्यामुळे ठिपका पडायच्या आत