एक हवालदार, पंचवीस बारगीर आणि एक नालबंद

सातारच्या यादोगोपाळ पेठेतील आमच्या घरात, माझ्या खोलीच्या उत्तरेकडील भिंतीशी, लोखंडी चौकटीचे एक काचेचे कपाट आहे. त्याच्या वरच्या कप्प्यात शिशाचे सात शिपाई उभे आहेत आणि खालच्या कप्प्यात प्लास्टिकचे सतरा मराठा घोडेस्वार. पाहायला येणारी मंडळी आधी खालच्या कप्प्यापाशी रमतात आणि मग वर पाहून हमखास विचारतात, की हे असे रंग उडालेले, मोडके का ठेवले आहेत, खालच्यांना इतके सजवले तसे यांना का सजवत नाही. उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने कोणाचे समाधान होत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

हा नाद मला लागला तो अर्थातच दिवाळीतल्या किल्ल्यामुळे. आमच्याकडे किल्ल्यावर मांडायच्या मातीच्या बाहुल्यांना ‘चित्रे’ म्हणत, आणि राजवाड्याजवळ व मोती चौकाच्या आसपास ती विकायला बसत. सिंहासनावरचे महाराज, भाला धरलेले मावळे, तोफ, तुतारीवाला, भाजीवाली आणि हत्तीपेक्षा थोराड दिसणारा वाघ, असा तो संसार असे. दोन अर्ध्या साच्यांतून दाबून काढलेली ती मातीची चित्रे ओल लागली की विरघळत, आणि किल्ल्यावर अळीव व मोहरी पेरून रोज पाणी शिंपडायचे असल्यामुळे भाऊबीजेपर्यंत निम्मी फौज गुडघ्यापासून खचलेली असे. वडिलांनी एकदा पातळ गोंदाचा हात देऊन दोन मावळे वाचवले होते. दुरुस्ती नावाच्या कामाची माझी पहिली ओळख ती.

शिशाचे शिपाई मात्र पुष्कळ नंतर आले. पाचगणीच्या एका जुन्या बंगल्यातील सामान निघाले तेव्हा ते विकत घेतलेल्या भंगारवाल्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ही सात माणसे मला मिळाली. त्याने ती वजनावर दिली. हातात घेताच दोन गोष्टी जाणवल्या. शिसे असूनही ती अपेक्षेपेक्षा हलकी होती, आणि प्रत्येकाला कोठे ना कोठे एक बारीक भोक होते. त्याचे कारण त्यांच्या घडणीत आहे. अठराव्या शतकात जर्मनीतील न्यूरेंबर्गला जे खेळण्यातले शिपाई होत ते कथलाचे आणि पत्र्यासारखे चपटे असत. पुढे भरीव, गोल अंगाचे शिपाई आले, पण त्यांना धातू फार लागे. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने निराळी युक्ती काढली. साच्यात वितळलेले मिश्रण ओतायचे, साच्याला लागून असलेला थर गोठला की उरलेला रस लगेच बाहेर ओतून टाकायचा, म्हणजे आत पोकळ आणि बाहेर नेमका आकार असलेले कवच हाती येते. शिसे वाचले, किंमत उतरली, आणि ५४ मिलिमीटर उंचीचे हे शिपाई साम्राज्यात जेथे जेथे साहेबांची मुले होती तेथे तेथे पोहोचले. मुलांच्या हाती शिसे देणे धोक्याचे आहे हे ध्यानी येऊन १९६६ मध्ये या कारखान्यातले शिशाचे उत्पादन थांबले, तोवर हा क्रम चालू राहिला.

सातांपैकी चार उंच केसाळ टोप्यांचे पहारेकरी आहेत, दोघे स्कॉटिश घागऱ्यातले, आणि सातवा फेटा बांधलेला हिंदुस्थानी घोडेस्वार. कारखान्याचे नाव त्याच्या घोड्याच्या पोटाखाली उठावाच्या अक्षरांत आहे. काखेत आणि खोगिराच्या कडेला, जेथे मुलांची बोटे पोहोचली नाहीत, तेथे पिवळा रंग शिल्लक आहे, आणि त्यावरून तो स्किनर्स हॉर्स या पलटणीचा असावा असे मी धरतो, कारण पिवळा अंगरखा ही त्या पलटणीची खूण. १८०३ मध्ये ही पलटण उभी करणारा जेम्स स्किनर त्याआधी शिंद्यांच्या फौजेत चाकरीला होता, आणि इंग्रजांशी युद्ध जुंपल्यावर त्याला ती चाकरी सोडावी लागली. तेव्हा या स्वाराचे आणि आपले नाते अगदीच परके नाही.

या स्वाराला उजवा हात नाही. अशा शिपायांचे हात वेगळे ओतून खांद्याच्या खुंटीवर कडीसारखे बसवलेले असत, ते फिरत, आणि अर्थात निखळून हरवतही. हात गेल्यामुळे हातातले शस्त्र गेले, आणि तो भाला होता की तलवार हे सांगायला काहीच उरले नाही. नवा हात घडवून बसवणे ही एका संध्याकाळची गोष्ट आहे. पण मी भाला दिला तर तो भालाईत होईल, तलवार दिली तर तलवारबाज, आणि दोन्ही वेळा तो माझा स्वार होईल. म्हणून तो तसाच उभा आहे.

हा संयम माझ्यात उपजत नव्हता. स्कॉटिश शिपायांपैकी एक मी सुरुवातीलाच बिघडवून बसलो. त्याचा जुना रंग थिनरने पुसून काढला, चकचकीत एनॅमलने नवा कोट लाल केला, घागऱ्यावर चौकड्या आखल्या आणि आठ दिवस खुशीत होतो. नंतर भिंगाखाली त्याच्या जोडीदाराच्या चेहऱ्याकडे पाहिले, तेव्हा कळले की कारखान्यातल्या कोणा कामगाराने दोन टिंबे आणि एक रेघ एवढ्यातच जो चेहरा उभा केला होता तो मी कायमचा पुसला होता. उडालेला रंग पुन्हा देता येतो, पण पुसलेला जुना रंग परत आणता येत नाही, एवढी साधी गोष्ट मला एका शिपायाच्या मोलाने शिकावी लागली.

दुसरी चूक कपाटाची. आधी मी हे शिपाई नव्या प्लायवुडच्या फडताळात ठेवले होते. एका पावसाळ्यानंतर दोन पहारेकऱ्यांच्या पायांशी राखाडी पांढरी भुकटी दिसली. मला ती धूळ वाटली, पण फुंकर मारूनही हटेना. लाकडातून, प्लायवुडच्या सरसातून आणि पुठ्ठ्यातूनही आम्लांच्या सूक्ष्म वाफा निघत राहतात. बंद जागेत दमट हवेच्या साथीने त्या शिशाला खातात आणि शिशाचे कार्बोनेट तयार होते. संग्राहक याला शिशाचा रोग म्हणतात. एकदा लागला की तो आतून पोखरत जातो, आणि ती भुकटी विषारी असते. मी हातमोजे घालून, तोंडाला फडके बांधून, अंगणात मऊ कुंचल्याने ती झाडली, खालच्या कागदासकट पिशवीत बांधून टाकली, आणि शिपायांना लोखंड व काच यांच्या या कपाटात हलवले. सोबत सिलिका जेलच्या पुड्या असतात, त्या जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला बदलतो. शेजारच्या मुलांना वरचा कप्पा उघडायची बंदी आहे, आणि तिचे कारण माझा कंजूषपणा नव्हे हे त्यांच्या आयांना समजावून सांगितले आहे.

वरच्या कप्प्यात मी केलेली खरी दुरुस्ती एकच. एका पहारेकऱ्याचे डोके मोडलेले होते आणि धडात आगकाडीचा तुकडा खोचून ते बसवलेले होते. मानेच्या पोकळीत काडी घालण्याचा हा उपाय त्या काळची मुले सर्रास करत. काडी कुजल्यामुळे डोके डुगडुगत होते. डाग देण्याचा, म्हणजे सोल्डरिंगचा, विचार मी लगेच सोडला, कारण साध्या सोल्डरिंग आयर्नने इतके पातळ कवच बघता बघता ओघळते. अॅरलडाइटचा एक थेंब आणि नवी काडी, इतक्यावर काम भागले. काडीच का, असे कोणी विचारले तर सांगतो, की पूर्वी दुरुस्ती करणाऱ्याने तीच वापरली होती.

खालच्या कप्प्याचा न्याय वेगळा आहे. तेथे मूळ वस्तू म्हणजे बाजारात पाकिटाने मिळणारे हिरवे अमेरिकी सैनिक आणि घोड्यावरचे काऊबॉय. त्यांच्याविषयी मला कसलाही पूज्यभाव नाही. सभासद बखरीत महाराजांच्या पागेची व्यवस्था दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. हे वाचले तेव्हा मनात आले, की लहानपणापासून किल्ल्यावर इतके मावळे पाहिले, पण त्यांच्या घोड्यांना पाणी पाजणारा आणि नाल ठोकणारा कधीच पाहिला नाही. त्यांचा साचा कोणी केलेलाच नाही. तेव्हा अख्खे पथक करायचे ठरवले.

काऊबॉयचा बारगीर करताना टोपी आणि चेहरा यांच्यात फारसे काही वाचत नाही, म्हणून डोके उडवून नवेच करावे लागते. मुंडाशासाठी टिश्यू पेपरची पट्टी पाण्यात सैल केलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून पिळून गुंडाळतो. वाळल्यावर तिला कापडाची चूण येते. शेला त्याच रीतीचा. ढालीसाठी एम-सील या पुटीची गोळी गोट्यावर दाबायची. एम-सील लवकर घट्ट होते, म्हणून एका वेळी एकच ढाल मळावी. भाल्यासाठी उदबत्तीची काडी. ५४ मिलिमीटरचा माणूस म्हणजे साधारण बत्तिसावा हिस्सा, त्यामुळे तीन मीटरचा भाला सुमारे ९४ मिलिमीटरचा हवा, आणि काडी घासून पाऊण मिलिमीटरपर्यंत बारीक करावी लागते. हे गणित न करता केलेले पहिले चार भाले तुळयांसारखे दिसत होते.

खरा त्रास घोड्यांनी दिला. काऊबॉयचा घोडा उंच. मराठ्यांचे भीमथडी तट्टू, म्हणजे भीमेकाठचा घोडा, अंगाने आटोपशीर. त्यामुळे प्रत्येक घोड्याचे पाय मधून कापून चार मिलिमीटरचा तुकडा काढतो आणि पुन्हा जोडतो. हे खेळण्यांचे मऊ प्लास्टिक म्हणजे पॉलिथिन, आणि त्याला कोणताही गोंद मनापासून धरत नाही. दोन्ही तुकड्यांत सुईएवढे भोक पाडून आत तार घालावी लागते. ही तार मी मिरजेहून आणतो, सतारीची. ती ताठ असते, गंजत नाही असे नाही, पण आत बुजल्यावर टिकते. दुकानदाराने पहिल्यांदा कोणत्या सुराची हवी असे विचारले, तेव्हा घोड्याच्या मागच्या पायाची, असे उत्तर देणे मला जमले नाही. रंगाचेही तसेच आहे. साच्यातून सुटावे म्हणून लावलेला तेलकटपणा भांड्याच्या साबणाने धुतल्याशिवाय आणि प्रायमरचा हात दिल्याशिवाय पॉलिथिनवर रंग थांबत नाही, पापुद्रे निघतात.

रंग कोणता, हा वादाचा विषय आहे. बाजारातले मावळे अलीकडे सगळे एकाच रंगात बुडवलेले असतात आणि सगळ्यांचे तोंड एकाच माणसाचे असते. त्या फौजेला गणवेश नव्हता. म्हणून माझे बारगीर बहुतेक मळखाऊ पांढऱ्यात आहेत, कोठे निळीचा, कोठे मंजिष्ठाचा लाल, एखादाच हळदी. एका स्नेह्याने हे पथक गरीब दिसते अशी तक्रार केली. ती मी प्रशंसा समजून घेतली.

पखालजीला बैल हवा. बेंदराचे मातीचे बैल या मापात बसेनात, म्हणून गोठ्याच्या खेळण्यांतली एक विलायती गाय घेतली. तिला वशिंड नसते. ते एम-सीलचे चढवले, शिंगे टाचणीची केली, कास खरवडून टाकली आणि पाठीवर दोन्ही बाजूंना पखाल लादली.

नालबंदाला मात्र दोनदा जन्म घ्यावा लागला. गुडघा टेकून खांद्यावर बाझुका धरलेला एक हिरवा सैनिक मला अगदी आयता वाटला. बाझुका कापला, हातोडी दिली, घोड्याचा पाय त्याच्या मांडीवर ठेवला. मग पाचगणीच्या टेबललँडवर फेरफटक्याच्या घोड्यांना नाल मारणारे एक वयस्क गृहस्थ भेटले, त्यांना खिशातून काढून तो दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “साहेब, गुडघा नका टेकवू याला. घोडं फिरलं तर हा उठायचा कसा?” मग ते स्वतः उकिडवे बसले, मुलाला घोड्याचा पाय धरायला सांगितले, आणि मला दिसले की पाय नालबंदाच्या मांडीवर नसतो, तो दुसरा माणूस धरून ठेवतो. म्हणजे माझा नालबंद बसायला चुकला होता, आणि त्याला एक जोडीदारही हवा होता. बखरीत तो जोडीदार नाही, पण घोड्यापुढे बखरीचे काय चालणार. दुसरा नालबंद मी तारेच्या सांगाड्यावर पुटीनेच घडवला, टाचा किंचित उचललेल्या, वजन चवड्यांवर. आतापर्यंत केलेल्यांत तोच मला बरा साधला आहे असे वाटते.

गेल्या दिवाळीत शेजारच्या मुलाने किल्ल्यासाठी काही चित्रे मागितली. मी खालच्या कप्प्यातून त्याला हवे ते घ्यायला सांगितले. स्वार सोडून त्याने नालबंदाची जोडी उचलली आणि पायथ्याशी, भाजीवालीच्या शेजारी बसवली, कारण त्याच्या मते बाजार तेथे भरत होता. परत आले तेव्हा दोघेही चिखलाने माखलेले होते आणि हातोडी नव्हती. बारगीर अजून आठ व्हायचे आहेत, हवालदाराचा घोडा कापलेल्या पायांनी टेबलावर पडून आहे, आणि सतारीची तार संपत आली आहे, हातोडी त्यानंतर.