ट्रेलरचं पोट, उंदीर आणि हरवलेले ६ अँपिअर

डोंगर पोखरून उंदीर काढला म्हणतात ना, मी उंदीर काढायला गेलो आणि डोंगर निघाला. तीन महिने उभा असलेला ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) गाडीला जोडून लाइट चेक करत होतो तर मागची उजवी टेल लाइट एकदम मंद, आणि ब्रेक कंट्रोलर (गाडीत बसून ट्रेलरचे ब्रेक लावायची डबी) हाताने दाबला तर ट्रेलर अडतोय पण त्यात जीव नाही. सवयीप्रमाणे आधी अर्थिंगला शिव्या घातल्या, सॉकेटच्या पिना घासून साफ केल्या, फरक शून्य. मग खाली वाकून बघितलं तर पोटाचं काळं प्लास्टिक शीट एका जागी फुगून लोंबतंय, बोटाने दाबलं तर फटीतून ग्लासवूलचा (थंडी-उष्णता अडवणाऱ्या काचेच्या लोकरीचा) चुरा आणि लेंड्या. कळलं काय ते.

शीट काढण्याआधी एक मोजमाप करून ठेवलं आणि ते फार कामाला आलं. माझ्या ट्रेलरला चार चाकं, चारही चाकांत इलेक्ट्रिक ब्रेक, १० इंची ड्रमचा एक मॅग्नेट (ब्रेक लावणारं विद्युतचुंबक) पूर्ण ब्रेकला साधारण ३ अँपिअर घेतो, म्हणजे चारांचे १२ यायला हवेत. ब्रेकला करंट नेणाऱ्या निळ्या वायरीत सिरीजमध्ये मीटर लावला तर ६. म्हणजे दोन चाकं गेलेली. कुठली दोन ते माहीत नाही, पण निदान काय शोधायचंय ते कळलं. हे मोजल्याशिवाय कोणी शीटला हात लावू नका, नंतर सगळं विस्कटलेलं असतं आणि मूळ फॉल्ट कुठला आणि आपण ओढाओढीत तोडलेलं कुठलं ते कळत नाही.

शनिवार १. बॅटरीची मायनस काढली, मेन लाइनचं (बाहेरून येणाऱ्या घरगुती विजेचं) कनेक्शन काढलं, चाकांना ठोकळे लावले, चॅसीखाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावल्या. नुसत्या जॅकवर ट्रेलर ठेवून खाली झोपणारे लोक मी बघितलेत, नका करू. शीटचे सेल्फ टॅपिंग स्क्रू निम्मे गंजलेले, आठ-दहाची डोकी तुटली. आणि शीट खाली आलं ते एकटं नाही आलं, ओलं ग्लासवूल, घरट्यांचा भुसा, जुन्या लेंड्या, सगळं छातीवर. एन९५ मास्क, गॉगल, हातमोजे होते म्हणून ठीक.

साफसफाईचं थोडं सविस्तर लिहितो कारण इथेच लोक घाई करतात. कोरड्या लेंड्या झाडायच्या नाहीत आणि व्हॅक्युम तर अजिबात मारायचा नाही, धूळ उडते आणि हांटा व्हायरस त्या धुळीतूनच श्वासात जातो. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो तो वेगळाच. एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी असं ताजं मिश्रण करून सगळं भिजवलं, पाच मिनिटं तसंच ठेवलं, मग कागदाने पुसून पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत. ग्लासवूल सगळं फेकलं, मुताचा वास त्यातून कधी जात नाही आणि तो वास म्हणजे पुढच्या उंदरांना आमंत्रण. अख्खा दिवस यातच गेला, वायरीला हातही लागला नाही.

आता जरा लाज वाटणारी गोष्ट. उंदीर आत शिरले कुठून? सांडपाण्याचा पाइप शीटमधून बाहेर येतो तिथून, आणि ते भोक मागच्या वर्षी मीच बुजवलं होतं, स्प्रे फोमने. काम मी केलं आणि पास पण मीच केलं, उंदराला मांजर साक्ष. फोममधून गोल बोगदा काढलेला, इतका सुबक की ड्रिल मारल्यासारखा. छोट्या उंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते, आणि फोम म्हणजे त्याला भिंत नाहीच, आयता गादीचा कापूस.

शनिवार २, वायरिंग. हार्नेस (वायरींचा जुडगा) चॅसीच्या आडव्या पट्टीवरून जातो तिथे उंदरांचा हमरस्ता होता, साधारण दोन हात लांबीत अकरा ठिकाणी कुरतडलेलं. माझ्याकडे निळी ब्रेकची, हिरवी टेल लाइटची, लाल डाव्या इंडिकेटरची, तपकिरी उजव्याची, पांढरी अर्थ. निळीची मागच्या अ‍ॅक्सलला (मागची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याला) जाणारी फांदी पूर्ण तुटलेली, हिरवीचे दोनतीन तार शिल्लक, म्हणून तो लाइट मंद. आणि एक घातकी भानगड, माझ्या ट्रेलरमध्ये १२ व्होल्टची प्लस पण काळी आणि मेन लाइनची फेज पण काळी, दोन्ही जवळजवळून गेलेल्या. रंगावर विश्वास ठेवू नका, प्रत्येक वायर टोकापासून टोकापर्यंत मीटरने बीप करून टेपवर नाव लिहून मगच कापा.

मला वाटलं कुरतडलेला तुकडा कापून जॉइंट मारला की झालं. पण मूत इन्सुलेशनच्या आत झिरपतं, बाहेरून चांगली दिसणारी वायर सोलली तर आतलं तांबं हिरवं-काळं. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत गेलो तर दोन्ही बाजूंना अजून दीड-दीड वीत गेली, शेवटी वैतागून तेवढा सगळा भाग नवा टाकला आणि मुख्य निळी वायर तर पुढून मागेपर्यंत बदलली. जुनी २.५ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) होती. हिशोब केला, जाऊन-येऊन १२ मीटर वायर आणि १२ अँपिअर, तर २.५ मध्ये एक व्होल्टच्या वर वाया जातो, ६ स्क्वेअरमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी. पोट उघडलेलंच आहे तर जाडी वायर का नाही टाकायची? परतीचा रस्ता चॅसीवर सोडला नाही, अर्थला पण तेवढीच जाड वायर टाकली.

जॉइंटसाठी गोंदवाले हीट श्रिंक बट कनेक्टर (तापवले की आवळून बसणाऱ्या जोडनळ्या) वापरले, रॅचेटच्या क्रिंपिंग प्लायरने दाबले आणि प्रत्येक जॉइंट ओढून बघितला. सोल्डर जाणूनबुजून टाळलं, सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. जॉइंट एकाच जागी न घेता पुढेमागे घेतले, नाहीतर हार्नेसला गाठोडं येतं आणि क्लिप बसत नाही.

संध्याकाळी मोठ्या थाटात मीटर लावला. ९. बारा नाही, नऊ!

रात्रभर उंदरांना शिव्या देत झोपलो. रविवारी सकाळी मागच्या उजव्या चाकाचा मॅग्नेट सुटा करून मोजला तर ३.२ ओहम, म्हणजे एकदम ठणठणीत. डाव्याला करंट येतोय, उजव्याला नाही, आणि उजव्याची वायर डावीकडून अ‍ॅक्सलच्या पोकळ नळीतून जाते. कंटिन्युइटी नाही, म्हणजे वायर मध्येच कुठेतरी तुटलेली. नळीतून वायर ओढून काढली तर मधोमध घासून घासून तुटलेली, दातांची एक खूण नाही. नळीत ती मोकळी लोंबत असते आणि प्रत्येक खड्ड्याला आपटते. म्हणजे हे चाक उंदीर यायच्या आधीपासूनच मेलेलं असणार आणि मी तसाच फिरत होतो. नवी वायर नळीत घातलीच नाही, अ‍ॅक्सलच्या बाहेरून स्प्लिट पाइपमध्ये टाकून पट्ट्यांनी बांधली, अ‍ॅक्सलला भोक पाडायचं किंवा वेल्ड करायचं काम नाही. मीटर: ११.८. मग ब्रेकअवे स्विचची (ट्रेलर गाडीपासून सुटला तर आपोआप ब्रेक लावणाऱ्या स्विचची) पिन ओढून पण बघितली, चारही चाकं गच्च.

पाण्याच्या पाइपवर फक्त ओरखडे होते. गॅसच्या लाइनवर साबणाचं पाणी लावून बघितलं, बुडबुडे नाहीत.

शनिवार ३, बंद करायचं काम, हे अजून चालू आहे. प्रत्येक भोकाला ६ मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची गॅल्व्हनाइज्ड जाळी, पाइपभोवतीच्या फटीत तांब्याची जाळी ठासून वर सीलंट. साधी स्टील वूल नको, गंजून पावडर होते. ग्लासवूलच्या जागी फॉइलवालं कडक फोम बोर्ड घेतलं, ते उंदीर कुरतडतात हे मला माहितीये, पण पाणी धरत नाही आणि काढून बघता येतं. नवं शीट ४ मिलिमीटरचं नालीदार प्लास्टिक, कापलेल्या कडांच्या उघड्या नळ्या अ‍ॅल्युमिनियम टेपने बंद, रुंद वॉशर घालून स्क्रू.

पेपरमिंट तेल, डांबरगोळ्या, किर्र करणारी अल्ट्रासॉनिक डबी, हे सगळं मी मागच्या वर्षी केलेलं, घरटं त्या डबीपासून हातभर अंतरावर होतं. विष पण ठेवणार नाही, उंदीर पोटात जाऊन मरतो आणि मग पुन्हा शीट खोला. साधे चापाचे सापळे बाहेर चाकांपाशी ठेवलेत.

या वेळी हार्नेसच्या जॉइंटखाली शीटमध्ये झाकण ठेवतोय, चार स्क्रूचं, म्हणजे दर महिन्याला टॉर्च घालून बघता येईल. झाकणाचं भोक कापून झालंय, कडेला जाळीची पट्टी लावायची राहिलीये. तोवर भोकाला खालून पत्रा आणि त्याला विटांचा टेकू देऊन झोपतोय.