फोर्कलिफ्टची बॅटरी: भाव विचारण्याआधी युनिट मोजा

फोर्कलिफ्टसाठी बॅटरी घ्यायची म्हटलं की सगळे आधी भाव विचारतात. तेवढ्याच क्षमतेची लिथियम बॅटरी लेड-ॲसिडच्या दोन ते तीन पट पडते, आणि बऱ्याच गोदामांत चर्चा तिथेच थांबते. विक्रेता मात्र सांगतो की लिथियम दुपटीहून जास्त टिकते, पैसा आपोआप वसूल होतो. दोन्ही हिशेब अर्धवट आहेत. कोणती बॅटरी परवडेल हे एका आकड्यावर ठरतं: एक मशीन दिवसाला बॅटरीतून किती युनिट ओढतं. हा आकडा हाताशी नसेल तर कोटेशन मागवायची घाई करू नका.

मोजणं सोपं आहे. चार्जरच्या इनपुटला एनर्जी मीटर बसवा आणि दोन आठवडे रोज रीडिंग घ्या. त्यातला एक आठवडा गर्दीच्या दिवसांतला हवा. मीटर दाखवतो ती लाइनमधून घेतलेली वीज. लेड-ॲसिडमध्ये त्यातली साधारण 60 ते 70 टक्केच मशीनपर्यंत पोचते, म्हणून रीडिंगला 0.65 ने गुणा. मशीनच्या अवर मीटरचे तासही सोबत लिहून ठेवा. दोन टनांचं काउंटरबॅलन्स (मागच्या वजनावर भार तोलणारं) मशीन जोरात चालवलं तर तासाला 4 ते 5 युनिट खातं, पॅलेट ट्रक त्याहून कितीतरी कमी. आणि आठ तासांच्या शिफ्टमध्ये मशीन प्रत्यक्ष फिरतं ते बहुधा चार-पाच तासच.

आता एक नेहमीची बॅटरी घेऊ: 48 व्होल्ट, 625 अँपिअर-अवर. म्हणजे 2 व्होल्टचे 24 सेल, एकूण 30 युनिट, वजन 900 ते 1000 किलो. यातला 625 हा आकडा पाच तासांत सावकाश रिकामी केली तर मिळणारा आहे. प्रवाह त्याहून जास्त ओढला की क्षमता कमी मिळते. शिवाय लेड-ॲसिडमधली 20 टक्के कायम राखून ठेवायची असते, त्यामुळे वापरायला उरतात 24 युनिट. नीट सांभाळली तर ही बॅटरी सुमारे 1500 सायकल देते (एकदा उतरवून पुन्हा भरली की एक सायकल), म्हणजे आयुष्यभरात 36,000 युनिट. लिथियम आयर्न फॉस्फेट, अर्थात एलएफपी, तेवढ्याच वापराला 3500 सायकलींच्या आसपास जाते: 84,000 युनिट.

लेड-ॲसिडची किंमत 100 अंक धरा आणि एलएफपीची 250, म्हणजे एक अंक हा लेड बॅटरीच्या किमतीचा शंभरावा भाग. दर हजार युनिटांमागे लेडचा खर्च येतो 2.78, एलएफपीचा 2.98. जवळपास सारखाच! जास्त टिकण्याने जास्तीची किंमत फक्त फिटते, हातात वेगळं काही पडत नाही. आणि तेही सगळ्या सायकली वापरून झाल्या तरच. एका शिफ्टला वर्षात 250 सायकल होतात, म्हणजे 3500 सायकलींना 14 वर्षं लागतील. तोवर सेल नुसत्या वयानेच उतरतात. दहा वर्षं धरली तर एलएफपीचा खर्च वर्षाला 25 आणि सहा वर्षं टिकणाऱ्या लेडचा 16.7. एका शिफ्टच्या गोदामात लेड-ॲसिड अशी वर्षाला 8 अंकांनी स्वस्त पडते.

हा फरक भरून निघायची पहिली जागा वीजबिल. 24 युनिट मशीनला द्यायचे तर जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर लाइनमधून 40 च्या आसपास युनिट घेतो. चांगला हाय-फ्रिक्वेन्सी चार्जर 35 घेतो, एलएफपीचा 27. लेड-ॲसिडला काढलेल्या अँपिअर-अवरपेक्षा 10 ते 20 टक्के जास्त परत घालावे लागतात, आणि चार्जिंगचा व्होल्टेज वापराच्या व्होल्टेजहून बराच वर असतो. चार्जरमधली घट सोडली तर वीज वाया जाते ती मुख्यतः या दोन ठिकाणी. 250 दिवसांत हा फरक 2000 ते 3250 युनिटांचा होतो. त्याला आपल्या वीजदराने गुणा आणि वरच्या 8 अंकांशी ताडून पाहा. लेड-ॲसिडच ठेवायची असेल तरी जुना चार्जर बदलून पाच युनिट रोज वाचतात. या बदलाकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, खरं तर पहिला पैसा इथेच लावायला हवा.

दुसरी जागा म्हणजे देखभाल. लेड-ॲसिडचे ते 1500 सायकलींचे आकडे नीट सांभाळलेल्या बॅटरीचे आहेत, आणि न सांभाळलेल्या बॅटऱ्या त्याच्या निम्म्यातही गळपटतात. म्हणून इथे थोडं थांबू.

पाणी घालायचं ते चार्जिंग पूर्ण झाल्यावर. चार्ज होताना इलेक्ट्रोलाइट फुगतं आणि गॅसचे बुडबुडे पातळी वर ढकलतात. आधीच काठोकाठ भरलेला सेल मग उतू जातो. उतू जातं ते ॲसिड, आणि त्याच्या जागी पुढच्या वेळी पडतं नुसतं पाणी. असं चार-सहा महिने चाललं की त्या सेलची ग्रॅव्हिटी (ॲसिड पाण्याच्या किती पट जड आहे तो आकडा) कायमची घसरते. चार्जिंगआधी प्लेटा उघड्या दिसल्या तर त्या जेमतेम बुडतील एवढंच पाणी घाला, बाकीचं नंतर. पाणी डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) हवं, नळाचं चालत नाही. किती लागतं? रोज 500 अँपिअर-अवर काढले आणि 20 टक्के जास्त परत घातले, तर ते जास्तीचे 100 अँपिअर-अवर बहुतांश पाणी फोडण्यात जातात: दर सेलला 34 ग्रॅम, 24 सेलना मिळून 0.8 लिटर. पाच दिवसांच्या आठवड्याला चार लिटर. तुमच्याकडे याच्या कितीतरी जास्त पाणी लागत असेल तर चार्जर वेळेवर बंद होत नाहीये. फारच कमी लागत असेल तर बॅटरी पूर्ण चार्जच होत नाहीये, किंवा पाणी घालायचं राहतंय.

उतू गेलेलं ॲसिड झाकणावर ओल धरतं आणि त्यातून वीज झिरपते. व्होल्टमीटरची एक पिन पॉझिटिव्ह टर्मिनलला आणि दुसरी नुसत्या झाकणाच्या पृष्ठभागावर टेकवा. काही व्होल्ट दिसले तर धुवायची वेळ झाली. लिटरला सुमारे 100 ग्रॅम खाण्याचा सोडा घालून पाणी करा, सेलची सगळी बुचं घट्ट लावा आणि मगच धुवा. सोडा सेलमध्ये गेला तर ॲसिडच मरतं. ओल तशीच राहिली की लोखंडी ट्रे तळापासून खाल्ला जातो.

पूर्ण चार्ज झालेल्या सेलची ग्रॅव्हिटी 1.28 ते 1.29, आणि 80 टक्के रिकाम्याची 1.14 च्या आसपास. महिन्यातून एकदा हायड्रोमीटर घेऊन 24 ही सेलचं रीडिंग वहीत उतरवा. सेलासेलात 0.03 पेक्षा जास्त फरक दिसला तर इक्वलायझिंग चार्ज (सगळे सेल बरोबरीला आणणारा जादा चार्ज) द्या. त्यानंतरही तोच सेल मागे राहिला तर भार टाकून त्याचा व्होल्टेज बघा, बाकीचे 1.9 वर असताना हा एकटा 1.7 च्या खाली बसत असेल तर तो बदलायचा. कमी ग्रॅव्हिटी दिसली म्हणून वरून ॲसिड ओतण्याची सवय फार वाईट. सल्फेट झालेल्या, म्हणजे शिशाच्या सल्फेटचे खडे धरलेल्या प्लेटेतलं ॲसिड प्लेटेतच अडकलेलं असतं. वरून आणखी ओतलं की रीडिंग सुधारतं आणि प्लेट लवकर मरते.

शनिवारी रिकामी झालेली बॅटरी सोमवारपर्यंत तशीच ठेवू नका, सल्फेटचे खडे घट्ट होतात आणि पुढे सुटत नाहीत. चहाच्या सुट्टीत अर्धा तास प्लग लावणंही साध्या ओल्या बॅटरीला मानवत नाही: ती गरमच राहते, पूर्ण कधी होत नाही, आणि जड ॲसिड तळाशी साचतं. इलेक्ट्रोलाइट 45 अंशांच्या वर जाऊ देऊ नका. सरासरी तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. सेल 2.4 व्होल्टला पोचला की हायड्रोजन सुटू लागतो, आणि हवेत तो 4 टक्के झाला की ठिणगी पुरते. म्हणून चार्ज होताना मशीनचं बॉनेट उघडं हवं, हवा खेळती हवी, आणि कनेक्टर ओढण्याआधी चार्जर बंद केलेला हवा.

हे सगळं करायला रोज वेळ देणारा एक माणूस असेल, शिफ्ट एकच असेल आणि मशीनचा खप 24 युनिटांच्या आत असेल, तर माझं मत स्पष्टपणे लेड-ॲसिडच्या बाजूने आहे. शेवटी तिच्या शिशाला भंगारातही चांगली किंमत येते. लिथियमच्या बाबतीत हे गृहीत धरू नका.

तीन शिफ्टला चित्र पूर्ण उलटतं. दिवसाला 72 युनिट लागणार असतील तर एका मशीनला तीन लेड बॅटऱ्या लागतात: एक मशीनमध्ये, एक चार्जरवर आठ तास, एक थंड होताना. किंमत झाली 300, वर बॅटरी काढायची रोलर गाडी किंवा हॉइस्ट, चार्जिंगची वेगळी खोली, डोळे धुवायची सोय, आणि प्रत्येक बदलीला 15-20 मिनिटं. एलएफपी एकच लागते, 250 ला. इथे ती पहिल्या दिवसापासून स्वस्त आहे.

फक्त एक गणित आधी करून घ्या, ते कोटेशनमध्ये नसतं. एलएफपी तासाभरात भरते हे सेलपुरतं खरं; 30 युनिट तासात भरायला 48 व्होल्टला जवळपास 600 अँपिअर लागतील. नेहमीचा मोठा कनेक्टर 320 अँपिअरचा असतो, म्हणजे तासाला 16 युनिट. 72 युनिटांना साडेचार तास, शिफ्टमागे दीड तास. जेवणाची अर्धा तास, चहाची दोनदा पंधरा मिनिटं आणि शिफ्ट बदलताना वीस मिनिटं धरली तरी दहा मिनिटं कमीच पडतात. मोठी बॅटरी घेऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण रोज जेवढे काढाल तेवढे रोज भरायचेच आहेत. त्यासाठी 80 व्होल्टचं मशीन किंवा दोन चार्जिंग कनेक्टर लागतात, नाहीतर सुट्टीची वेळ बदलावी लागते. आणि दहा मशीन एकाच वेळी जेवायच्या सुट्टीत प्लगला लागली तर लाइनवर 175 किलोवॉटचा भार येतो. मंजूर भार आणि डिमांड चार्ज (वीजबिलातला कमाल भारावरचा आकार) आधी तपासा, सुट्ट्या पुढेमागे करता आल्या तर उत्तम.

जुन्या मशीनमध्ये एलएफपी बसवताना पहिला प्रश्न वजनाचा. बॅटरी हा मशीनच्या तोलाचा भाग असतो. नेमप्लेटवर बॅटरीचं किमान आणि कमाल वजन लिहिलेलं असतं. 30 युनिटांचा एलएफपी पॅक तीन-चारशे किलोचाच भरतो, उरलेलं वजन लोखंडी प्लेटांनी भरून घट्ट बोल्ट करावं लागतं. कमी वजनाचं मशीन भार उचलताना पुढे कलंडतं.

दुसरा प्रश्न बॅटरीच्या काट्याचा. जुना इंडिकेटर व्होल्टेज बघून चार्ज सांगतो. एलएफपीचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे काटा भरलेलाच दिसतो आणि मग बीएमएस (पॅकमधल्या सेलवर नजर ठेवणारं सर्किट) एकदम पुरवठा तोडतो, कदाचित भार वर असताना. बीएमएसचं रीडिंग कॅन लाइनने (माहिती पोचवणाऱ्या तारेने) मशीनला मिळायला हवं, नाहीतर वेगळा डिस्प्ले आणि बझर लावा. तिसरी अडचण उतारावर येते: बॅटरी पूर्ण भरलेली असताना ब्रेक लावला की मोटर वीज परत ढकलते, बीएमएस ती घेत नाही, कंट्रोलर ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतो. उपाय म्हणजे चार्जिंगची वरची मर्यादा 95 टक्क्यांवर आणणं. आणि लेडचा चार्जर लिथियमला लावायचा नाही, इक्वलायझिंगच्या व्होल्टेजला तर नाहीच.

मधले पर्याय थोडक्यात. जेल बॅटरीला (घट्ट ॲसिडची लेड बॅटरी) पाणी लागत नाही, पण चार्ज व्हायला दहा-बारा तास लागतात. हलक्या कामालाच ठीक. थिन-प्लेट प्युअर लेडला (शुद्ध शिशाच्या पातळ प्लेटांची बॅटरी) पाणी लागत नाही आणि सुट्टीत चार्ज केलेलं चालतं, किंमत लेड आणि लिथियमच्या मधली. दीड शिफ्टच्या, मध्यम खपाच्या गोदामाला ही खरोखर चांगली बसते, आणि तिची चौकशी फारसं कोणी करत नाही.

शीतगृहात उणे 20 अंशांला लेड-ॲसिडची क्षमता निम्म्याच्या आसपास येते, आणि बरीच उतरलेली बॅटरी उणे 15 च्या सुमाराला गोठूही शकते. एलएफपी थंडीत काम देते, पण सेल शून्याखाली असताना चार्ज केलं तर आत लिथियम धातूचा थर चढतो आणि सेल कायमचा खराब होतो. त्यामुळे हीटर असलेला पॅक घ्या, किंवा चार्जर थंड खोलीच्या बाहेर ठेवा आणि सेल गरम व्हायला वेळ द्या.

कोटेशन आलं की वॉरंटीची वर्षं बघण्याआधी त्यात एकूण किती युनिटांची हमी आहे ते शोधा, आणि क्षमता किती टक्क्यांवर आली की बॅटरी संपली असं धरलंय तेही. युनिटांचा आकडा नसेल तर लेखी मागून घ्या. मग बॅटरीची किंमत भागिले ते युनिट, आणि त्यात तुमच्या मीटरवरून निघालेली विजेची नासाडी मिळवा.